इंदूबायने चाखलेलं पाणी

इंदूबाय माल घेताना मालाकडे बघायची नाही. टेबलावर माल, अलीकडे आपण, पलीकडे ती, आणि तिचे डोळे आपल्या तोंडावर. मागे खुर्ची असायची, पण विकणारा समोर असताना ती कधी बसली नाही आणि विकणाऱ्यालाही कधी बस म्हणाली नाही. आपण बोलत राहायचं. आपलं संपलं की ती आपलाच शेवटचा शब्द उचलून, त्याचा प्रश्न करून परत द्यायची. "बिघाड झाला तर आमचा माणूस लगेच येईल," असं म्हटलं की ती म्हणायची, "लगेच?" आणि गप्प. त्या गप्पपणात भल्याभल्यांची तोंडं सुटायची. टाय लावून आलेले कंपनीचे लोक "म्हणजे, दोन दिवसांत" वर यायचे, मग "आठवडाभरात" वर, आणि शेवटी कपाळ पुसत सांगायचे, "तसा आमचा माणूस कोल्हापूरला असतो."

मी तिच्यासमोर अकरा वर्षं उभा राहिलो. मी वैभववाडीकडच्या एका खेड्यातला. नववीनंतर शाळा सुटली. एस.टी.च्या टपावर सलाइनचे खोके चढवून दवाखान्यांना पोचवायला सुरुवात केली आणि भांडत, घासाघीस करत कुडाळात दवाखान्यांच्या सामानाचं स्वतःचं दुकान टाकलं. माझा राग जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. भावात मला कोणी हरवलेलं मला आठवत नाही. इंदूबायबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी अजून सोडलेली नाही. तिने माझ्या मालाला हात लावण्याआधी मला एक शब्द विचारायला हवा होता. एवढंच. बाकी तिच्याबद्दल जे सांगायचं ते सरळ सांगतो.

मालवणातल्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात ती लॅब सांभाळायची. लॅब म्हणजे समुद्राच्या अंगाला असलेली एक अरुंद खोली. तिथल्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी गंजून गळायचे. पण हॉस्पिटलात येणारी प्रत्येक वस्तू, हातमोज्यांपासून एक्स-रेच्या फिल्मपर्यंत, आधी तिच्या टेबलावरून जायची. असा नियम डॉक्टरांनी केला नव्हता. तिनेच केला होता, आणि डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत तो जुना झाला होता. उंच, काटकुळी, पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात काचेवर लिहायची लाल पेन्सिल. आलेल्या प्रत्येक बाटलीवर, डब्यावर ती त्या पेन्सिलीने तारीख आणि आणणाऱ्याचं नाव लिहायची. माझं नाव परशुराम. हॉस्पिटलातल्या अर्ध्या वस्तूंवर मी लाल अक्षरांत होतो, आणि एखादी पट्टी उसवली तरी सगळ्या वॉर्डाला कळायचं कोणाची ते.

तिची आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. पहाटे किनाऱ्यावर लिलावात मासे घ्यायचे आणि दहा वाजेपर्यंत बाजारात संपवायचे. त्या टोपलीवर इंदूबाय शिकली, लॅबची परीक्षा पास झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "स्थळां बघूक इली होती. पण तेंच्या घरचो बिघाड झालो तर कोण येतलो, ता कोणीच सांगूक नाय."

पहिल्यांदा मी तिच्यापुढे गेलो ते अठ्ठ्याण्णव साली. हातमोजे, सुया, ड्रेसिंगचं सामान घेऊन. मी सगळ्यात कमी भाव सांगितला. तिने तो ऐकलाच नाही.

"तुझ्याकडसून माल घेवचो बंद केलेलो एक माणूस सांग," ती म्हणाली.

"बंद कशाला करतील कोण?"

"कोणीच नाय?"

मग तो गप्पपणा. मी आधी चिडलो, मग घाम आला, आणि शेवटी कणकवलीच्या एका डॉक्टरांचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांच्याशी माझं कचाकचा भांडण झालं होतं. तिने ते नाव हाताच्या तळव्यावर लाल पेन्सिलीने लिहून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने चक्क कणकवलीला गेली. हे मला कळलं तेव्हा मी तणतणत मालवणला पोचलो.

"माझी चौकशी करूक गेललंस? चोर आसंय मी?"

"चोराची चौकशी पोलीस करतत रे. मी गिऱ्हाईक आसंय." ती शांतपणे काचपट्ट्या पुसत होती. "तेंची गजाल वेगळी, तुझी वेगळी. तू भांडखोर आसस, ह्या दोघांच्याय गजालीत आसा. पण नाव खरा दिलंस. हातमोजे ठेवन जा."

बाहेर पडताना मला कळेना, मी जिंकलो की हरलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. हंगामात प्रत्येक दवाखान्यात आंब्याची पेटी पोचवायची. त्याला कोणी लाच म्हणत नाही, वानवळा म्हणतात. मी तिच्या घरीही पेटी पाठवली. तिने आनंदाने घेतली, एकेक आंबा हुंगून बघितला असं तिच्या शेजारणीने मला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तीच लाकडी पेटी एस.टी.ने माझ्या दुकानात परत. आत काठोकाठ कोकमाची सोलं, तिने स्वतः वाळवलेली. कोणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही कोकणातली साधी रीत. पण लोक ती सवडीने पाळतात, इंदूबाय हत्यारासारखी पाळायची. पुढच्या वर्षी मी मुद्दाम दोन पेट्या पाठवल्या. दोन पेट्या सोलं आली. माझ्या बायकोने हात जोडले, म्हणाली, "आता पुरे करा, वर्षभर सारच पितोय आपण."

मग आलं दोन हजार नऊ साल.

डॉक्टर मुंबईला परिषदेला जाऊन आले ते एक नवा उपचार डोक्यात घेऊन. पेशंटचं स्वतःचंच रक्त काढायचं, एका खास नळीत भरून मशीनमध्ये गरगर फिरवायचं, त्यातला जखम भरून आणणारा घट्ट भाग वेगळा करायचा आणि तो दुखऱ्या गुडघ्यात सुईने परत सोडायचा. पीआरपी म्हणतात त्याला. आता शहरात गल्लोगल्ली करतात, तेव्हा जिल्ह्यात कोणी करत नव्हतं. डॉक्टरांना ते पहिल्यांदा करायचं होतं. जन्मभर होडीच्या हेलकाव्यावर उभं राहून गुडघे झिजलेले लोक मालवणात काही कमी नव्हते.

मशीनसाठी आम्ही तिघे आलो. एक मुंबईचा, एक कोल्हापूरचा आणि मी. इंदूबायने तिघांनाही सांगितलं, मशीन आठ दिवस लॅबमध्ये ठेवून जा. ठेवली. मधल्या रविवारी भर दुपारी माझा फोन वाजला. मी जेवायला बसलो होतो.

"परशुराम, मशीन बंद पडला. फिरणा नाय."

मी ताटावरून उठलो. फ्यूज, स्टॅबिलायझर, पान्हे पिशवीत कोंबले आणि मोटारसायकलला किक मारली. लॅबमध्ये घामाने निथळत शिरलो, तर मशीन मजेत फिरत होतं आणि इंदूबाय डबा उघडून जेवत होती.

"चालू आसा ह्या!" मी ओरडलो. शुद्ध मराठी रागात माझ्याकडे राहत नाही.

"मशीन चालता ता माका ठावक आसा. तू चालतंस काय ता बघूचा होता."

"मी जेवणावरून उठून इलंय!"

"मगे बस. बांगड्याचा तिकला आसा." आणि तिने मला पहिल्यांदा खुर्ची दिली.

मी रागारागाने जेवलो. कालवण छान होतं, तेही मी बोललो नाही. नंतर कळलं, फोन तिघांनाही गेला होता. कोल्हापूरवाल्याचा माणूस बुधवारी आला आणि मुंबईवाल्याने फोन उचललाच नाही. मशीन माझं लागलं. जिल्हाभर मी ती गोष्ट सांगत फिरलो, अर्थात मला चढलेला राग वगळून.

नळ्याही मीच पुरवायच्या ठरल्या. त्या दिवशी ती जरा जास्त बोलली.

"नीट ऐक. तपासणीचा रक्त मोरीत जाता. ह्या रक्त माणसात परत जातला. म्हणान ह्यो नळ्यो खंयसून इल्यो, कशो इल्यो, कोणी हाताळल्यानी, ता सगळा माका कळाक व्हया. भाव मागसून बोलू."

"फ्रीजमध्ये ठेवीन. काळजी नको."

"नको?" ती म्हणाली. मी तिच्या डोळ्यांकडे बघून परत म्हणालो, "नको."

सोमवारी सकाळी तीन पेशंट ठरले होते. मे महिना. रविवारी दुपारी मुंबईच्या बसने नळ्यांचा खोका कुडाळात उतरला. सकाळपासून वीज नव्हती. वादळी वाऱ्याने खांब पडले होते. दुकानातला फ्रीज आतून कोमट झाला होता आणि पत्र्याखाली दुकानाची भट्टी झाली होती. औषधांच्या दोन दुकानांत विचारून आलो, त्यांचीही तीच गत. खोक्यावर इंग्रजीत सूचना होत्या. पहिली ओळ मी जुळवून वाचली. थंड जागी ठेवा. मला पुरेशी वाटली.

थंड म्हटलं की या किनाऱ्यावर एकच वस्तू आठवते. मी मासळीच्या ट्रकवाल्यांकडे गेलो. थर्माकोलच्या पेट्यांत मासे भरून ते गोव्याला पाठवतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला नवी कोरी पेटी दिली, नळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मधोमध ठेवल्या, वरखाली बर्फाचा चुरा घातला.

"कितीवेळ ऱ्हवाक व्हया?"

"उद्या सकाळपर्यंत."

त्याने बाजूच्या पोत्यातून खडे मीठ घेतलं आणि पसा पसा भरून बर्फात मिसळलं. "आता काळजी करू नको. असो भरलेलो सरंगो मडगावाक पोचता, तेव्हा गिऱ्हाईकाक वाटता आताच दर्यातसून काढलो."

मला बरं वाटलं. दुसरा कोणी पुरवठादार असता तर त्याने एवढी यातायात केली नसती, हे मी आजही छातीठोक सांगतो.

सोमवारी सकाळी पेटी घेऊन मालवणला पोचलो. बर्फ बराचसा वितळला होता. नळ्या गार होत्या, आतला, रक्त गोठू नये म्हणून भरलेला औषधाचा द्रव पातळ, स्वच्छ, कुठे तडा नाही. व्हरांड्यातल्या बाकावर भिवा तांडेल पहिल्या नंबराला बसला होता, दंडावर सदरा वर करून. होडीचा तांडेल तो, खलाशांचा म्होरक्या. पावसाळ्याआधीचे शेवटचे दिवस होते, एकेक फेरी मोलाची. तरी दर्या सोडून आला होता.

"बेगीन करा रे," तो मला म्हणाला, जणू सुई मीच मारणार होतो.

इंदूबायने पेटीचं झाकण काढलं. वाकून वास घेतला. एक नळी उचलून उजेडाकडे धरली, फिरवली, खाली ठेवली. मला हायसं वाटलं. मग तिने पेटीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

तिने बोट कोटाला पुसलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने आधी मालाकडे बघितलं होतं आणि मग माझ्या तोंडाकडे.

"मीठ घातलंस?"

"मी नाही. पेटीवाल्याने घातलं."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

तिने बोटांवर तास मोजले. "रातभर दगड झाल्यो ह्यो. आता इतळल्यो."

तेवढ्यात डॉक्टर आले. हातमोजे चढवत. "चला इंदूबाई, पहिलं रक्त घ्या."

"डॉक्टर, या नळ्या वापरता येणार नाहीत. गोठून परत पातळ झाल्यात." डॉक्टरांशी ती नेहमी कचेरीतली मराठी बोलायची.

डॉक्टरांनी दोन-तीन नळ्या उचलून बघितल्या. "कुठे काय झालंय? चीर नाही, काही नाही. कशावरून म्हणता?"

"पाणी खारट आहे."

"काय?"

"नुसत्या बर्फात वस्तू गार होते. मीठ घातलं की गोठते. माझ्या आईचा जन्म गेला यात, डॉक्टर. गोठलेल्या नळीच्या बुचाची पकड राहिली का, आतल्या औषधाचं काय झालं, हे मला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही."

"बाहेर तीन माणसं उपाशीपोटी बसली आहेत. सगळ्या गावाला सांगून ठेवलंय मी. आणि तुम्ही मला पाण्याची चव सांगताय?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. गोठल्या होत्या?"

मी म्हणालो, "मी रात्री उघडून बघितलं नाही." ते खरं होतं. मग म्हणालो, "सकाळी पातळ होत्या." तेही खरंच होतं. धंद्यात दोन खरी वाक्यं नीट शेजारी ठेवली की त्यांच्यामध्ये एक खोटं आपोआप उभं राहतं. मला ती कला येते.

"वापरा," डॉक्टर म्हणाले.

इंदूबायने एक नळी उचलली. मला वाटलं, वाकली शेवटी. तिने बूच उपटलं. फट् असा बारीक आवाज झाला. नळी टेबलाखालच्या ब्लीचच्या बादलीत. दुसरी. फट्. तिसरी. घाई नाही, मासे साफ करायला बसलेल्या बाईसारखी एकामागून एक. एकदा बूच निघालं की ती नळी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. डॉक्टरांना आवाज फुटेपर्यंत सात-आठ गेल्या होत्या. ते "इंदूबाई!" म्हणून ओरडले. ती थांबली नाही. चोवीसच्या चोवीस.

"माझो माल आसा तो!" मी टेबलावर हात आपटला. "कोणाक इचारलंस? माका एक शब्द तरी इचारलंस?"

"डॉक्टरांनी तुका आताच इचारल्यानी," ती म्हणाली. "तू काय सांगलंस?"

मग ती हात धुऊन व्हरांड्यात गेली. आम्ही आतून ऐकत होतो.

"भिवा, आज नाय जमाचा. घराक जा, पेज जेव."

"कित्याक? माजी होडी उभी करून इलंय मी! डॉक्टरापरास तू मोठी झालंस काय गो?"

"आजच्या दिसाक मोठी. जा."

तांडेलाने दर्यावर देतात तशा दोन शिव्या दिल्या, सदऱ्याची बाही खाली केली आणि लंगडत पायऱ्या उतरला. मागचे दोघेही उठले.

दुपारी डॉक्टरांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सतरा वर्षांची नोकरी. तिने वाद घातला नाही. कुठल्या बाटलीची मुदत कधी संपते ते नर्सला सांगितलं, माझं मशीन ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसलं, त्यावर कापड टाकलं, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी दारातच उभा होतो. माझ्या बाजूने ती निघून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला मला उत्तर देता येतं.

मंगळवारी सकाळी मी मुंबईला, नळ्या पाठवणाऱ्याला फोन केला. माझं नाव गुंतवलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा गोठल्या तर?

"तर फेकून द्या," तो म्हणाला. "खोक्यावर लिहिलंय की, शेठ."

मी रिकामा खोका शोधून काढला. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती, बारीक अक्षरांत. गोठवू नका. दुकानात शेजारच्या मास्तरांना बोलावून पुन्हा वाचून घेतली.

आता जे सांगतो ते पुढे वर्षभर मी कोणाला सांगितलं नाही. मी डॉक्टरांना काही कळवलं नाही. मुंबईवाल्याने दुसरा खोका पाठवला, तोवर वीज आली होती, फ्रीज चालू होता. दोन आठवड्यांनी भिवा तांडेलाच्या गुडघ्यात सुई गेली, सगळं नीट झालं. लॅबमध्ये नवीन मुलगी आली. डॉक्टर माल माझ्याकडूनच घेत राहिले. बोललो असतो तर "मिठातल्या नळ्या" ही गजाल सावंतवाडीपासून विजयदुर्गापर्यंत प्रत्येक दवाखान्यात माझ्याआधी पोचली असती, आणि माझ्याकडे नावाशिवाय दुसरं भांडवल कधीच नव्हतं. हे एक कारण. दुसरं कारण माझा राग. मी ठरवलं होतं, तिने एकदा यावं, परशुराम, तुला विचारायला हवं होतं, एवढं म्हणावं. मग मी जाऊन डॉक्टरांना सगळं सांगेन. मी वाट बघत राहिलो. घासाघीस अशीच करतात, आधी बोलतो तो हरतो. ती आली नाही. आपली घासाघीस चालली आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, मी गाडीने गावाकडे निघालो होतो. तळेऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबलो, तर समोर विजयदुर्गकडे जाणाऱ्या बसची वाट बघत इंदूबाय उभी. तिथे बाकडं होतं, रिकामं होतं. कोट नव्हता, साधी साडी, खांद्याला पिशवी. केस बरेच पांढरे झाले होते. ती आता कणकवलीला भावाकडे राहत होती आणि रोज दोन बस बदलून एका लहानशा दवाखान्याच्या लॅबमध्ये जात होती.

"बरो आसस?" तिनेच विचारलं.

"बरा आहे."

"मशीन चालता?"

"चालतंय."

मी चहाचा पेला खाली ठेवला. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. तिने मशीनची चौकशी केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इंदूबाय, त्या नळ्या गोठल्याच होत्या. दुसऱ्याच दिवशी मी मुंबईला विचारलं होतं. फेकायच्याच होत्या."

ती रडेल, बोलेल, लोक जमवेल, सगळ्याची माझ्याकडे उत्तरं होती. गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, पण उत्तरं वर्षभर तयार ठेवली होती.

"डॉक्टरांक सांगलंस?"

"नाही."

तिने मान हलवली.

"माझ्या जाग्यार कोण आसा आता?"

"एक मुलगी आहे. सांगलीकडची. हुशार आहे."

"तिना तुझो माल कधी परत केल्यान?"

मी आठवून बघितलं. आणि सवयीने, जरा अभिमानानेच म्हणालो, "छे! वर्ष झालं. एकदाही नाही."

इंदूबायचा चेहरा उतरला. अकरा वर्षांत मी तिला घाबरलेली बघितली नव्हती, डॉक्टर ओरडले त्या दिवशीही नाही. आता ती घाबरली होती.

"ता चेडू भिता रे, परशुराम," ती म्हणाली. "माझा काय झाला, ता तेका पयल्याच दिसाक कोणीतरी सांगलेला आसतला. उद्या तू काय पण नेवन ठेव, ता गप ऱ्हवतला. आणि तुझो माल तसोच गुडघ्यात जातलो."

मी म्हणालो, "मी आता काळजी घेतो. फ्रीजला इन्व्हर्टर लावलाय."

"तू घेतंस. तुझ्या मागसून दुसरो येतलो तो?" बस वळणावर दिसली. तिने पिशवी खांद्यावर सरकवली. "माका ती नोकरी नको. माझ्यासाठी जाव नको. पण डॉक्टरांनी त्या चेडवाक जवळ बोलावन सांगाक व्हया, की आदली बाय बरोबर होती. तेंका ता कळल्याशिवाय ते सांगतले कसे?"

"माझं नाव जाईल, इंदूबाय."

"जायत," ती म्हणाली.

बस थांबली. ती चढली, आत जागा मिळाली असावी, कारण क्षणभराने खिडकीत दिसली. बस हलली तेव्हा तिने हात बाहेर काढला. मी आपला हात वर केला, निरोप द्यायला. पण तो निरोप नव्हता. ती मला हाताने दाखवत होती, मी आलो होतो त्या बाजूला, मालवणच्या दिशेला, पुन्हा पुन्हा, कोंबड्या हाकलतात तशी. बस विजयदुर्गच्या रस्त्याला वळली तरी हात चालूच होता. त्यानंतर ती मला दिसली नाही.

तिने मला आधी विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे. चहा पुन्हा मागवला, तोही गार झाला. गाडी मागे, मालवणकडे वळवायला मला पाऊण तास लागला.